नळी खाली करण्याची भीती

फुगा फुटला तरी ज्याच्या काळजात धस्स होतं, अशा माणसाने आयुष्यभर पिस्तुलं झाडून पोट भरावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. जपूनरावांचं मात्र तेच झालं होतं. खरं नाव काडतुसांच्या कारखान्याच्या हजेरीपटावर असेल तेवढंच. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना जपूनरावच म्हणत, कारण त्यांच्या तोंडून दर दोन वाक्यांमागे ‘जरा जपून’ निघायचंच. जिना उतरणाऱ्याला जपून, चहा ओतणाऱ्याला जपून, लग्न ठरलेल्या माणसाचं अभिनंदन करतानाही जपून.

घाबरण्याचा त्यांचा संसार मोठा होता. लिफ्टमध्ये ते पाऊल ठेवत नसत. गल्लीत एक म्हातारं कुत्रं होतं, त्याचे दात पडून जमाना झाला होता, तरी ते दिसलं की जपूनराव पलीकडच्या फुटपाथवर. घरातून निघताना कुलूप ओढून बघायचे आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे, पुन्हा ओढायचे. “अहो, कुलूप आहे ते, गाईचं आचळ नव्हे,” असं बायको खिडकीतून म्हणे. ते हसत, पण तिसऱ्यांदा ओढल्याशिवाय काही जात नसत.

नोकरीची जाहिरात आली तेव्हा तीत ‘तपासणी विभाग’ एवढंच लिहिलं होतं. खोकी बरोबर चिकटली आहेत की नाहीत हे बघायचं असेल, अशा समजुतीने ते गेले. पहिल्याच सकाळी तिथल्या म्हाताऱ्या उस्तादाने हातात भरलेलं पिस्तूल दिलं, आणि जपूनरावांची बोबडी वळली. जेवणाच्या सुट्टीत गुपचूप निघून जायचं त्यांनी ठरवलं होतं. उस्तादाने त्यांना फाटकापाशी गाठलं आणि म्हणाला, “अरे, तू भितोस म्हणूनच मला हवायस. ज्याला भीती वाटत नाही, त्याला मी त्या खोलीत उभासुद्धा करत नाही.” आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या भीतीचं कौतुक केलं होतं. ते राहिले ते राहिलेच.

खोली म्हणजे एक लांबलचक बोगदा होता. एका टोकाला जपूनराव, दुसऱ्या टोकाला वाळूच्या गोण्या, आणि मध्ये दोन चौकटी. प्रत्येक चौकटीत उजेडाचा अदृश्य पडदा. गोळी पहिल्या पडद्यातून गेली की यंत्राचं घड्याळ सुरू, दुसऱ्यातून गेली की बंद. दोन चौकटींमधलं अंतर ठरलेलं, त्यामुळे वेग आपोआप निघायचा. बाजूला जाड काचेमागे एक जण बसून तो वेग मोठ्याने वाचायचा. त्याला सगळे ‘आकडे’ म्हणत. आकडे हा गोलमटोल, खुशालचेंडू माणूस. काचेमागे सुरक्षित असल्यामुळे त्याला विनोद सुचायचे.

लोकांना वाटतं गोळी म्हणजे गोळी, सुटली की सुटली. तसं नसतं. नऊ मिलिमीटरची सडपातळ गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास पळते, म्हणजे आवाजालाही मागे टाकते. पंचेचाळीसची जाडजूड गोळी अडीचशेच्या घरात, पोट सावरत जाणाऱ्या काकांसारखी. रिव्हॉल्वरची जुनी अडतीस तिच्याच आगेमागे. आणि त्याच अडतीसचा एक थोरला भाऊ असतो. व्यास जवळपास तोच, पण काडतुसाची पितळी पुंगळी लांब आणि दारू जास्त, तो चारशेच्या पुढे जातो. म्हणजे नुसतं जाडीवर काही ठरत नाही. गोळीचं वजन किती, नळी किती लांब, आणि मुख्य म्हणजे मागे दारू किती आणि कोणती, यावर सारं. दारू चिमूटभर वाढली तर नळीवर ताण येतो. चिमूटभर कमी झाली तर गोळी रडतखडत जाते. आणि फारच कमी झाली, तर ती जातच नाही. नळीतच अडकून बसते.

हे शेवटचं सगळ्यांत वाईट, कारण ते कळत नाही. धडाम ऐवजी नुसतं फुस्स होतं. झाडणाऱ्याला वाटतं गोळी गेली. तो पुढची झाडतो. पुढे बूच बसलेलं, मागून भरधाव दुसरी गोळी. मग नळी फाटते आणि पोलाद वाट मिळेल तिकडे उडतं.

म्हणून उस्तादाने एक रीत शिकवली होती. पुंगळी मोठी आणि दारू थोडी असली, की ती आत इकडेतिकडे सरकते. काडतूस कानाशी हलवलं तर खुळखुळ ऐकू येते. दारू मागे, ठिणगी देणाऱ्या टोपीपाशी बसलेली असेल तर ठिणगी पडताच झकास पेटते. पुढे, गोळीपाशी सरकलेली असेल तर रेंगाळत पेटते, आणि वेग पडतो. तेव्हा प्रत्येक लॉटमधली निम्मी काडतुसं झाडण्याआधी नळी छताकडे करायची आणि निम्मी झाडण्याआधी जमिनीकडे. मग हलक्या हाताने आडवी करून चाप ओढायचा. दोन्हीकडचे वेग जवळजवळ आले, तरच लॉट पास.

छताकडे करण्याचं काही नव्हतं. छत दूर होतं. पण नळी जमिनीकडे करायची म्हणजे घोडा चढवलेली, भरलेली रिव्हॉल्वर आपल्याच पायांकडे वाकवायची! पहिली काही वर्षं जपूनरावांनी ते डोळे अर्धवट मिटून, पायांची बोटं बुटात आखडून केलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की वेगात तसा काही फरक पडत नाही. तेव्हा काडतुसं भरगच्च असायची, दारूला सरकायला जागाच नसे. मग निम्म्याऐवजी काहीच काडतुसं खाली करून झाली. मग एखाददुसरं. मग एकही नाही. उस्ताद तोवर निवृत्त झाला होता. आकडे काचेमागून यंत्राकडे बघायचा, नळीकडे नाही. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. लबाडी म्हणावी, तर जपूनरावांना लबाडीचीही भीती वाटायची. राग येतो खरा असल्या माणसाचा. पण ज्याने मोरीतलं झुरळ दिसल्यावर आपलं एकही काम पुढे ढकललेलं नाही, त्याने तो खुशाल करावा.

अशा माणसाच्या पोटी लेक जन्मली ती वाघीण. शाळेत असताना भिंतींवरून चालायची. मोठी झाली आणि बँकांना सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या कंपनीत लागली. कमरेला रिव्हॉल्वर, डोक्यावर टोपी. जपूनरावांच्या तोंडात कित्येक दिवस घास फिरत राहिला. तिच्याच तुकडीत तिची एक मैत्रीण होती, उंचच उंच, ‘शिडी’ म्हणायचे सगळे तिला. शिडी सुट्टीच्या दिवशी घरी यायची, स्टुलाशिवाय दिवाणखान्यातला बल्ब बदलून द्यायची आणि जपूनरावांना म्हणायची, “काका, तुम्ही इतकं घाबरता, मग आम्हाला घाबरायला काही उरतच नाही बघा.” तिला आई नव्हती. जपूनरावांची बायको जाताना तिच्या हातात डबा दिल्याशिवाय तिला सोडत नसे.

तर या कंपनीने कारखान्याकडे सरावासाठी मवाळ काडतुसं मागितली. नव्या मुलामुलींच्या हाताला धक्का बसतो, नेम बिघडतो, तर दारू कमी घाला. तपासणी विभागाच्या मॅडमनी दारू कमी केली. पुंगळी तीच, मोठी. जपूनरावांनी एकामागून एक काडतुसं नळी छताकडे करून झाडली, आणि आकडेने वेग वाचले: दोनशे पाच, दोनशे दोन, दोनशे सात. सुरेख, एका ओळीत बसलेले. लॉट पास झाला. त्या दिवशी ते खुशीत घरी आले. लेकीच्या हाताला आता कमी धक्का बसणार होता.

आणि एका सकाळी लेक उंबऱ्यात बसून बुटाच्या नाड्या बांधता बांधता म्हणाली, “बाबा, तुमच्या कारखान्याच्या नव्या गोळ्या फारच मवाळ हो! शिडीची काल एक तर नुसती फुस्स झाली. मागून मास्तर ओरडले, ‘गोळी मारतेयस का शिंकतेयस?’ ”

जपूनरावांनी कप बशीत ठेवला. “फुस्स म्हणजे? मग? पुढची झाडली तिने?”

“झाडली की. दोन्ही लागल्या. पहिली जरा खालीच लागली, एवढंच.”

“तुम्ही… म्हणजे सुरुवातीला नळी कुठे असते तुमची?”

“आता हे काय नवीन? जमिनीकडे. होल्स्टरमधून काढायची, दोन्ही हातांनी धरून नळी जमिनीकडे, शिट्टी झाली की वर, आणि लगोलग दोन गोळ्या. आज तर दिवसभर तेच आहे.”

भीती म्हणजे काय, हे जपूनरावांना कोणी शिकवायला नको होतं. पण ही भीती वेगळी होती. बाकी सगळ्या भीतींना तळ असायचा, हिला नव्हता. ते उठले, दारापर्यंत गेले आणि म्हणाले, “आज जाऊ नकोस.”

“आई, बाबांचं सुरू झालं गं!”

“मी खरंच सांगतोय. आज नको.”

लेक उभी राहिली. तिला राग आला नव्हता. तिने त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. “बाबा, गेल्या आठवड्यात आभाळ होतं म्हणून जाऊ नको म्हणालात. त्याच्या आधी तुम्हाला स्वप्न पडलं म्हणून. जन्मल्यापासून मी हेच ऐकतेय. गेले आणि आले ना मी? दरवेळी आले.” आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा, दोन-दोन पायऱ्या एकदम.

एक वाक्य होतं, ज्याने ती थांबली असती. ‘त्या गोळ्या मी नळी खाली करून तपासल्याच नाहीत.’ ते वाक्य त्यांच्या घशाशी आलं होतं. पण ते ऐकल्यावर लेकीच्या डोळ्यांत काय दिसलं असतं, याची त्यांना धास्ती वाटली. शिवाय आपलीच भीती त्यांना खरी वाटेना. आजवर कितीदा उगीच घाबरलो होतो! आधी जाऊन बघू, खात्री करू, मग बोलू. असं म्हणत ते कामावर गेले. कुलूपसुद्धा ओढून पाहिलं नाही, आणि बायको खिडकीत उभी राहून चकित होऊन बघत राहिली.

प्रत्येक लॉटमधली थोडी काडतुसं कपाटात राखून ठेवलेली असतात. जपूनरावांनी ती काढली. एक कानाशी हलवलं. खुळखुळलं. त्यांनी ती सगळी रिव्हॉल्वरमध्ये भरली आणि काचेवर टकटक केली.

“पास झालेला लॉट आज परत का?” आकडे काचेपलीकडून माइकवर म्हणाला. “गोळ्यांची आठवण येते वाटतं!”

“वाच तू फक्त.”

त्यांनी नळी छताकडे केली, आडवी केली, चाप ओढला. धाड. “दोनशे चार,” आकडे म्हणाला.

मग त्यांनी नळी जमिनीकडे केली. किती वर्षांनी! नळी एकदा या बुटाकडे जात होती, एकदा त्या बुटाकडे. हलक्या हाताने आडवी केली. चाप ओढला. आवाज दबका आला, कोणी उशीवर थाप मारावी तसा.

“एकशे साठ.” आकडेचा आवाज बदलला. “यंत्र बिघडलं की काय?”

पुन्हा नळी खाली, आडवी, चाप. एकशे अठरा. पुन्हा. या वेळी फुस्स झालं, आणि काचेमागून काहीच ऐकू आलं नाही. यंत्राने वेग दाखवलाच नव्हता. पडद्यांतून काही गेलंच नव्हतं.

“बार उडाला ना?” आकडे म्हणाला. “मग गोळी कुठंय?”

जपूनरावांनी रिव्हॉल्वर उघडून रिकामी केली आणि नळीत पितळी सळई घातली. सळई थोडी आत गेली आणि टक् करून थांबली. गोळी आतच होती. मग, आकडेने नंतर सगळ्यांना सांगितलं त्याप्रमाणे, हा माणूस कारखान्याच्या व्हरांड्यातून धावला. ‘फरशी ओली आहे, जपून’ असं गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगणारा माणूस, ओल्या फरशीवरून धावला.

मॅडम फोनवर बोलत होत्या. त्यांनी सळई घातलेली रिव्हॉल्वर टेबलावर पाहिली आणि फोन ठेवला.

“कोणता लॉट?”

“सरावाचा. मवाळ. नळी खाली केली की अडकते.”

“पण नळी खाली करूनच तपासला होता ना आपण तो? तेव्हा वेग ठीक होते.”

जपूनरावांनी नकारार्थी मान हलवली. “नाही,” ते म्हणाले. “मी नाही तपासला तसा. कित्येक वर्षांत कुठलाच नाही. मला भीती वाटते नळी खाली करायची.”

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कंपनीला फोन लावला. कंपनीने सरावाच्या मैदानाचा, म्हणजे रेंजचा नंबर दिला. रेंजचा फोन वाजत राहिला. तिथे सरावाच्या वेळी सगळ्यांचे मोबाइल कपाटात बंद असतात, कानांवर झाकणं असतात. मॅडमनी पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

“माझी लेक आहे तिथे,” जपूनराव म्हणाले.

“गाडी घ्या,” मॅडम म्हणाल्या. “मी इथून फोन लावत राहते. जा.”

ड्रायव्हरशेजारी बसल्यावर जपूनरावांनी पट्टा लावला नाही. ज्या माणसाने कधी गाडी सावकाश चालवायला सांगितल्याशिवाय प्रवास केला नव्हता, तो म्हणत होता, “अजून जोरात. जोरात घ्या हो.” ड्रायव्हर म्हणाला, “जपूनराव, सिग्नल लाल आहे.” समोरून एक बाई मुलाचा हात धरून रस्ता ओलांडत होती, अगदी सावकाश, आणि जपूनरावांना त्या अनोळखी बाईचा इतका संताप आला की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांच्या डोळ्यांपुढे लेकीचे हात येत होते. रिव्हॉल्वरवर डावा हात पुढे, नळीच्या मुळाशी. देवाचं नाव घ्यावं असं वाटलं, पण तोंडून नुसतं ‘फुस्स होऊ देऊ नकोस, फुस्स होऊ देऊ नकोस’ एवढंच निघत राहिलं.

रेंज गावाबाहेर, उंच भिंतीमागे होती. गाडी फाटकापाशी थांबली. जपूनराव उतरले आणि कान देऊन ऐकू लागले.

काही ऐकू येत नव्हतं.

रेंजवर सराव सुरू असताना शांतता म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? ते आत शिरले. मातीच्या मैदानावर गणवेशातली मुलंमुली घोळका करून उभी होती, सगळ्यांच्या टोप्या सारख्या, सगळ्यांच्या पाठी सारख्या. मास्तर औषधांची पेटी उघडून तिच्यातलं सगळं जमिनीवर सांडत होते. कोणीतरी फोनवर पत्ता सांगत होतं, चुकत होतं, पुन्हा सांगत होतं. घोळक्याच्या मधोमध कोणी आडवं पडलं होतं. बूट तेवढे दिसत होते. सगळ्यांचे असतात तसे काळे, नाड्या घट्ट बांधलेले.

जपूनरावांना पुढे जाववेना. जोवर बघत नाही, तोवर झालेलं नाही, असलं काहीतरी वेडगळ त्यांच्या मनात आलं. मग घोळका जरासा हलला आणि फटीतून त्यांना लेक दिसली. गुडघ्यांवर बसलेली, सबंध, धडधाकट, गालाला रक्त लागलेलं पण ते तिचं नव्हतं.

“बरं झालं!” ते ओरडले. “बरं झालं, देवा, बरं झालं!”

ते मोठ्याने बोलले होते. इतक्या मोठ्याने की सगळ्या टोप्या वळल्या. लेकीनेही वर पाहिलं. तिच्या मांडीवर शिडीचं डोकं होतं.

त्या क्षणाचं जपूनरावांना पुढे कोणालाच काही सांगता आलं नाही. बायकोलाही नाही. लेकीच्या नजरेत राग नव्हता. तिला बहुधा कळलंच नव्हतं बाबा काय म्हणाले ते. पण शिडीने ऐकलं होतं. डोळे मिटूनच ती म्हणाली, “काकांचा आवाज आला ना गं?”

“बाबा, इकडे या,” लेक म्हणाली. “इथे बसा. हे धरा. असं, घट्ट. सोडायचं नाही. मी फाटक उघडून ठेवते, ॲम्ब्युलन्स सरळ आत आली पाहिजे.”

तिने शिडीचं मनगट त्यांच्या हातात दिलं. हाताभोवती कोणाचा तरी शर्ट गुंडाळला होता आणि तो भिजून काळपट झाला होता. टाचणी टोचली तरी डोळे मिटणाऱ्या जपूनरावांनी दोन्ही हातांनी ते मनगट आवळलं. बाजूला मातीत रिव्हॉल्वर पडली होती, नळी मुळापाशी फुगून उभी फाटलेली. नळीत पुढे शिसं दिसत होतं. एकापाठी एक, दोन गोळ्या.

घोळक्यातले सगळे एकाच वेळी बोलत होते. “काही नाही झालं गं.” “जरासं खरचटलंय.” “टाके घातले की झालं.” मास्तर सगळ्यांत मोठ्याने म्हणत होते, “एकदम ठीक आहेस तू, एकदम ठीक.”

शिडीने डोळे उघडले. ते उंच, आनंदी पोर. चेहरा कागदासारखा पांढरा. तिने कोणाकडे पाहिलं नाही, फक्त जपूनरावांकडे पाहिलं.

“काका, मला बघवत नाहीये,” ती हळूच म्हणाली. “सगळे म्हणतायत काही नाही झालं. बोटं आहेत का माझी?”

‘आहेत’ हा शब्द त्यांच्या ओठांवर तयार होता. सोपा होता. सगळे तेच तर म्हणत होते. त्यांनी खाली पाहिलं. मनगटावरचा दाब न सोडता अंगठ्याने शर्टाची कड जराशी सरकवली आणि बघितलं. पुन्हा बघितलं, नीट, कारण पुन्हा विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

“अंगठ्याजवळचं नाहीये,” ते म्हणाले. “अंगठा आहे. बाकीची आहेत. मी धरलंय.”

घोळक्यातलं कोणीतरी म्हणालं, “अहो, काय बोलताय!” शिडीच्या डोळ्यांतून पाणी आलं, कानांकडे ओघळलं. तिने दुसऱ्या हाताने चाचपत त्यांची बाही पकडली.

“बरं झालं तुम्ही आलात,” ती म्हणाली. “तुम्ही तरी खरं सांगितलंत.”

खरं अजून संपलं नव्हतं. जपूनरावांना इतकी भीती आजवर कधी वाटली नव्हती, कारमध्ये नाही, घोळक्यापाशी नाही. ती बाही सोडवून घेता आली असती. फाटकाकडून लेक धावत परत येत होती, मागे पांढरी गाडी वळत होती. दोघींना एकदमच सांगू, असं त्यांनी ठरवलं आणि मनगट तसंच आवळून धरून लेक जवळ येण्याची वाट पाहत बसले.